प्रेक्षकाचा जीव आणि आयोजकाचे दायित्व



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, ते सकाळी वर्गात इतिहास शिकवीत आणि संध्याकाळी मैदानावर शिट्टी घेऊन उभे राहत. म्हणून या वर्षी इतिहास आणि क्रीडांगण या दोहोंना स्पर्श करणारा विषय मी निवडला. मात्र हा खेळाडूंचा इतिहास नाही. होळकर संघाचा आणि कर्नल सी. के. नायडू यांचा गौरव आपल्या इंदूर परिसरात पुष्कळांनी केला आहे. मला बोलावयाचे आहे ते कडेला बसलेल्या माणसाविषयी. खेळ पाहावयास आलेला प्रेक्षक जखमी झाला, प्राणास मुकला, तर उत्तर कोणी द्यावयाचे?

या प्रश्नाचे बीज माझ्या मनात लहानपणी पडले. माळव्यातल्या एका गावी कुस्त्यांची दंगल होती. जागा पुरेना म्हणून पंधरा-वीस माणसे एका जुन्या मातीच्या भिंतीवर चढून बसली. शेवटची मोठी कुस्ती रंगात आली आणि भिंत ढासळली. आमच्या शेजारच्या एका आजोबांचा पाय मोडला. ते पुढे कधी औतामागे चालू शकले नाहीत. भेटावयास येणारा प्रत्येकजण म्हणे, "नशिबात होते." भिंत कोणाची होती, तिच्यावर माणसांना कोणी बसू दिले, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. न विचारलेल्या त्या प्रश्नाचे ऋण आज फेडावे असे वाटते.

कायद्याच्या इतिहासात या विषयाचे दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह खेळातूनच उद्भवणाऱ्या धोक्याचा. १९३० साली इंग्लंडातील ब्रुकलँड्स येथे मोटारींच्या शर्यतीत दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि त्यांपैकी एक कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली. दोघांचा मृत्यू झाला. त्यापूर्वी तेवीस वर्षांत असे एकदाही घडले नव्हते. अपील न्यायालयाने आयोजकांना दोषमुक्त केले. वाजवी काळजी घेतली असेल, तर खेळाच्या स्वभावातच असलेला धोका प्रेक्षकाने पत्करलेला असतो, असे हे तत्त्व आहे. बर्फावरील हॉकी पाहताना सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यास चकती लागली, तेव्हाही १९५१ मध्ये निकाल याच दिशेने लागला. एवढ्या लहान मुलाने धोका 'पत्करला' म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

दुसरा प्रवाह याहून जुना आहे आणि, माझ्या मते, अधिक महत्त्वाचा आहे. चेल्टनहॅम येथील घोड्यांच्या शर्यतीसाठी एका गृहस्थाने जाणत्या कंत्राटदाराकडून मंडप उभारून घेतला आणि पैसे घेऊन लोकांना त्यात बसविले. मंडप कोसळला. आयोजकाचे म्हणणे असे की, बांधणारा मी नव्हे, आणि उणीव मला ठाऊकही नव्हती. १८७० साली न्यायालयाने हा बचाव मानला नाही. बसावयास जागा देऊन तुम्ही पैसे घेतलेत, तेव्हा ती जागा बसण्याजोगी सुरक्षित आहे ही हमी त्या व्यवहारातच अनुस्यूत आहे, असे न्यायाधीशांनी ठरविले. चेंडूचा धोका प्रेक्षक पत्करतो, पण ज्या फळीवर तो बसतो तिचा धोका पत्करत नाही. माझ्या व्याख्यानाचे सार या एका भेदात आहे.

हा भेद आपल्या मराठी मुलखात रक्ताने लिहिला गेला. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना होता. नॅथन अ‍ॅस्टल आणि ख्रिस केर्न्स यांनी शतके झळकविली आणि पाहुण्यांनी ३४८ धावा केल्या. पूर्वेकडील नव्या बांधलेल्या सज्जातील भिंत कोसळली, नऊ माणसे मरण पावली, कित्येक जखमी झाली. सामना मात्र पुढे चालू राहिला आणि पूर्ण झाला. भारत ९९ धावांनी हरला, हे धावफलक सांगतो. त्या नऊ जणांची नोंद धावफलकात नाही.

दोन वर्षांनी, २५ डिसेंबर १९९७ रोजी, आपल्या इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर भारत आणि श्रीलंका यांचा सामना अवघ्या तीन षटकांनंतर थांबविण्यात आला. खेळपट्टी फलंदाजांस धोकादायक होती. निर्णय योग्यच होता. परंतु हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. फलंदाजाला इजा होईल या शंकेने सामना थांबतो आणि प्रेक्षकांचे प्राण गेल्यावरही सामना चालतो. खेळाच्या नियमांत खेळाडूच्या देहाला जागा आहे, प्रेक्षकाच्या देहाला नाही. त्याचा कैवार कायद्यानेच घ्यावा लागतो.

आपल्याकडे अपकृत्यांचा कायदा संहितेत बांधलेला नाही, तो बहुतांशी इंग्रजी परंपरेतून आणि न्यायनिर्णयांतून आला आहे. दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू पावलेल्याच्या वारसांना भरपाई मागता यावी यासाठीचा घातक अपघात अधिनियम मात्र १८५५ चा आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमाने तिकीट घेणाऱ्यास आणखी एक दार उघडले. हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत तो पाच वर्षांपर्यंत आहे.

चेल्टनहॅमचा धडा भारतात स्पष्टपणे उमटावयास दीर्घ काळ जावा लागला. एप्रिल २००६ मध्ये मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमधील प्रदर्शनात आग लागून साठांहून अधिक माणसे दगावली. तो खेळ नव्हता, पण गर्दीचा न्याय एकच. आयोजकांनी कंत्राटदाराकडे बोट दाखविले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. लोक आले ते आयोजकांच्या बोलावण्यावरून. भरपाईचा साठ टक्के भार आयोजकांवर आणि चाळीस टक्के राज्यावर टाकण्यात आला. परवानगी देणारा हातही दायित्वातून सुटत नाही, हे त्यातून ठसले. तरीही ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत अकरा जण गेले आणि 'जबाबदार कोण' हा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभा राहिला.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळतो. गौतमपुऱ्याचे हिंगोट युद्ध आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाचे पोखरलेले फळ दारूने भरून, बांबूची काडी लावून, तुर्रा आणि कलगी हे दोन पक्ष एकमेकांवर फेकतात. शाहिरीतील तुरेवाले आणि कलगीवाले ज्यांस ठाऊक आहेत, त्या मराठी कानांना ही नावे परकी नाहीत. २०१७ मध्ये तेथे जखमी झालेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. येथे आपला भेद कसोटीस लागतो. लढणारा योद्धा ढाल घेऊन, जाणूनबुजून उतरतो. पण दिशा चुकलेले हिंगोट ज्या मुलाच्या अंगावर येते, त्याच्या हाती ढाल नसते. त्याने तिकीटही घेतलेले नाही, म्हणून ग्राहकाचा कायदाही त्याच्या मदतीस सहजी येत नाही. परंपरा सर्वांची असली, की दायित्व कोणाचेच उरत नाही. परंपरा मोडावी असे मी म्हणत नाही. जाळी कोठे, रुग्णवाहिका कोठे, आणि उत्तर देणारे नाव कोणाचे, एवढे आधी लिहून ठेवावे, इतकेच माझे मागणे आहे.

हे मागणे मी आपल्या शाळेपासून सुरू करतो. पुढच्या वार्षिक क्रीडासंमेलनाआधी मैदानाची भिंत, बाकांच्या फळ्या आणि मंडपाचे खांब कोणी तपासले, हे तारीख आणि सहीसह एका वहीत नोंदवावे. वही दोन रुपयांची असो की दोनशेंची, तिच्यातली सही मोलाची आहे. ती करणाऱ्या माणसाला पुढे 'नशिबात होते' असे म्हणण्याची सोय राहत नाही.

त्या आजोबांना जे कोणी विचारले नाही, ते आपण भिंत पडण्यापूर्वी विचारावे. गुरुजींच्या स्मृतीस माझे हेच अभिवादन.