मधल्या सुटीची घंटा

शाळेच्या दिवसांतील सर्वांत गोड आवाज कोणता, असें कोणा विद्यार्थ्याला विचारलें तर तो मधल्या सुटीच्या घंटेचेंच नांव घेईल. घंटा वाजते, दप्तरें मिटतात, डबे उघडतात, गुरुजी हाताचा खडू झटकून आपल्या खोलीकडे वळतात. घटकाभर सर्व शाळा विसांवते. परंतु या घंटेचा अर्थ सर्वांना सारखा नाहीं. शाळेंत एक व्यक्ति अशी असते, कीं ही घंटा वाजली म्हणजे तिचें काम थांबत नाहीं, उलट सुरू होतें. ती व्यक्ति म्हणजे शाळेची परिचारिका; मुलांच्या भाषेंत सिस्टर. पटांगणावर गुडघा फुटतो तो सुटींत. पोटांत दुखूं लागतें तें डबा संपल्यावर. भर वर्गांत संकोचानें न सांगितलेलें दुखणें मुलगी येऊन कानांत सांगते तेंहि सुटींतच. सगळ्यांचे डबे रिकामे होतात तेव्हां सिस्टरचा डबा तसाच असतो, आणि सगळ्यांच्या वह्या मिटतात तेव्हां तिची नोंदवही उघडायची राहिलेली असते. आज श्रोत्यांपुढें या डब्याचा आणि या वहीचा थोडासा इतिहास मांडावयाचा आहे.

दुपारची सुटी ही आपण निसर्गाची देणगी समजतों. पण ती कोणींतरी मागून, भांडून मिळविलेली वस्तु आहे. आपल्या देशांत या मागणीचा पहिला मोठा आवाज उठला तो मराठींतच. १८८१ सालच्या पहिल्या कारखाना-कायद्यानें सात ते बारा वर्षांच्या मुलांचें काम नऊ तासांवर आणलें व त्यांना तासाची विश्रांति दिली. मोठ्या माणसांना मात्र कांहींच दिलें नाहीं. तेव्हां 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत मुंबईस परळ येथें गिरणी-कामगारांची सभा भरविली, आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचें नवल वाटतें. रविवारीं सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विश्रांति मिळावी, पगार वेळेवर व्हावा, काम करतांना इजा झाल्यास कांहीं भरपाई असावी. एवढ्यासाठीं सहा वर्षें थांबावें लागलें. १८९० च्या एप्रिलांत दहा हजार कामगार पुन्हां जमले, त्या सभेंत दोन स्त्रियाहि बोलल्या, आणि त्याच वर्षीं १० जूनला गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुढें १८९१ च्या कायद्यानें दुपारीं बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास कारखाना बंद ठेवण्याचें बंधन घातलें.

हा इतिहास मुंबईचा खरा. पण वऱ्हाडाचा त्याच्याशीं संबंध अगदीं जवळचा आहे. त्या गिरण्यांत पिंजला जाणारा कापूस मोठ्या प्रमाणावर याच काळ्या मातींतून जात असे. अकोला, अमरावती, खामगांव या बाजारपेठांच्या भोंवतीं जिनांचे व प्रेसांचे धुरांडे उभे राहिले, आणि कापसाचा हंगाम आला म्हणजे तेथें बायाबापड्या पहाटेपासून रात्रीपर्यंत सरकी आणि रुई यांच्या धुळींत राबूं लागल्या. वऱ्हाड तेव्हां नांवानें निजामाचा, पण १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालील मुलूख होता. इंग्रजी हद्दींतले कायदे येथें वेगळ्या हुकुमानें लागू करावे लागत. शिवाय हंगामी कारखाना म्हणजे आज आहे, उद्यां बंद. त्यामुळें विश्रांतीचा हक्क मुंबईच्या गिरणीला जितका लवकर पोंचला, तितका जिनांतल्या बाईला पोंचला नाहीं. हक्क कागदावर असणें आणि तो भाकरीच्या फडक्यापर्यंत येणें यांत अंतर असतें, हा धडा वऱ्हाडानें तेव्हांच घेतला.

आतां परिचारिकेकडे वळूं. गिरणींतला अर्धा तास मिळविणें कठीण होतें, पण तो पाळणें सोपें होतें; कारण वाफ तोडली कीं चक्र थांबतें, आणि चक्र थांबलें कीं सर्वांचे हात एकदम मोकळे होतात. दुखण्याचें चक्र असें थांबत नाहीं. म्हणून ज्या कायद्यानें कामगाराला विश्रांति दिली, त्याच्या कक्षेंत परिचारिका कधींच नीट बसली नाहीं. १९४८ चा कारखाना-कायदा पांच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास सुटी देण्यास सांगत असे. पण शाळा हा कारखाना नव्हे, आणि मूल हा माल नव्हे.

दुसरें कारण अधिक खोल आहे. आपल्याकडे हा धंदा जन्मला तोच सेवाधर्म म्हणून. १८९१ सालीं मुंबईस काशीबाई गणपत या परिचर्येच्या शिक्षणासाठीं पुढें आल्या. अशा शिक्षणास आलेल्या त्या पहिल्या हिंदी स्त्री मानल्या जातात. पुढें रमाबाई रानडे यांच्या पुणें सेवासदनानें ससून रुग्णालयांत मुलींना व विधवांना हें शिक्षण मिळवून दिलें. परक्याच्या अंगाला हात लावणारी स्त्री म्हणून समाजानें प्रथम त्यांची निंदा केली, आणि निंदा थांबल्यावर त्यांना देवी केलें. दोन्हींचा परिणाम एकच झाला. निंदा सोसणारीनें तक्रार करावयाची नसते, आणि देवीला तर भूक लागतच नाहीं! अमरावतीच्या 'डफरीन'चें आणि अकोल्याच्या 'लेडी हार्डिंग'चें नांव वऱ्हाडांत घरोघर ठाऊक आहे. व्हाइसरॉयांच्या पत्नींचीं हीं नांवें दारावर राहिलीं. आंत रात्रंदिवस उभ्या राहिलेल्या परिचारिकांचीं नांवें मात्र कोणी लिहून ठेविलीं नाहींत.

त्यांतून संख्या किती अपुरी! १९४६ सालच्या भोर समितीनें हिशेब केला तेव्हां सुमारें ४३ हजार माणसांमागें एक परिचारिका भरली. अशा स्थितींत शाळेसाठीं स्वतंत्र परिचारिका कोठून येणार? १९०९ सालीं बडोदें शहरांत शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानांतील अशा कामाचा आरंभ तेथून धरतात. १९६० सालीं रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालीं शालेय आरोग्याचा विचार करण्यास समिति नेमली गेली. पण विचार आणि वेतन यांची गांठ पडण्यास आपल्या देशांत फार वेळ लागतो.

आतां वहीचा इतिहास. कागदपत्रांचें नांव काढतांच परिचारिका कपाळाला आठ्या घालते, आणि तें स्वाभाविकहि आहे. परंतु कागद हा मुळांत तिचा शत्रु नव्हता. तें तिचें शस्त्र होतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे तक्ते थोड्यांनाच ठाऊक आहेत. १८६० सालीं लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढें त्यांनीं सर्व रुग्णालयांनीं एकाच नमुन्यावर नोंदी ठेवाव्या अशी सूचना मांडली. हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत; तरी येथील लष्करी छावण्यांना प्रश्नावली पाठवून, आलेल्या उत्तरांच्या ढिगांतून त्यांनीं येथील पाण्याची व गटारांची दैना १८६३ सालीं सरकारपुढें उभी केली.

शाळेच्या परिचारिकेची जागा तर अक्षरशः नोंदींतून जन्मली. १९०२ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क शहरांत लीना रॉजर्स या तरुण परिचारिकेला केवळ एका महिन्याच्या बोलीवर चार शाळा देण्यांत आल्या; मुलें सुमारें दहा हजार. तोंपर्यंत डॉक्टर येत, खरूज, डोळे येणें, उवा असें कांहीं दिसलें कीं मुलाला घरीं धाडीत, आणि मूल रस्त्यावर हिंडत राही. लीनाबाई मुलाच्या घरीं जात, आईला औषध लावण्याची रीत दाखवीत, आणि काय केलें तें टिपून ठेवीत. १९०२ च्या सप्टेंबरांत शाळेंतून घरीं धाडलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. पुढच्या सप्टेंबरांत ती १,१०१ वर आली. अशा नोंदी लिहिलेल्या नसत्या तर ती नेमणूक महिन्याअखेर संपलीहि असती. म्हणून मी म्हणतों, कीं वहीला दिलेला वेळ हा मुलाकडून हिरावलेला वेळ नव्हे. तो उद्यांच्या मुलासाठीं ठेवलेला वेळ आहे.

हें सर्व आजच्या वऱ्हाडाला कसें लागू पडतें तें पाहूं. आपल्या बहुतेक शाळांत कायमची परिचारिका नाहीं. चिखलदऱ्यासारख्या ठिकाणच्या एकलव्य निवासी शाळांच्या आराखड्यांत तिची जागा धरलेली आहे. इतरत्र तिचें काम फिरतें पथक करतें. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं, तेव्हां ठाणें जिल्ह्यांत असलेल्या पालघर येथें, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या पथकांत दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. अंगणवाडी वर्षांतून दोनदां, शाळा एकदां, अशी त्यांची फेरी. वर्षांतून एकदांच भेट, म्हणजे त्या एका दिवसावर केवढा भार! त्यांत मार्च उजाडला कीं वऱ्हाडचें ऊन तापूं लागतें, शाळा सकाळच्या होतात, आणि पथकाच्या हातचे दोन-तीन तास निसटतात. मग तपासणी सुटींत शिरते, जेवण प्रवासांत होतें, आणि नोंदी रात्रीं घरीं, आठवणीच्या भरंवशावर लिहिल्या जातात.

याचा धोका कोणता तें एका उदाहरणानें सांगतों. विदर्भांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक रोगाचा प्रादुर्भाव बराच आहे. अशा मुलाला कडक उन्हांत धांवविणें, पाण्यावांचून ठेवणें, थंडींत कुडकुडूं देणें हें सारें त्याला असह्य वेदनांच्या झटक्याकडे नेऊं शकतें. आतां समजा, मेळघाटांतील एखादें कोरकू मूल धारणीकडच्या गांवांतून दूरच्या आश्रमशाळेंत आलें, आणि त्याच्या रोगाची एक ओळ वहींत उतरावयाची राहिली. कवायतीच्या शिक्षकांचा दोष नाहीं, मुलाचा तर नाहींच. पण उपाशी पोटीं, अठरा कामांत, संध्याकाळीं आठवून लिहिणाऱ्या त्या परिचारिकेलाहि दोष कसा द्यावा? ती ओळ राहिली ती तिच्या आळसानें नव्हे. ती लिहिण्यास कोणीं तिला निवांत दहा मिनिटें दिलीं नाहींत म्हणून.

मग हा अर्धा तास राखावा कसा? जेथें जेथें परिचारिकांनीं तो राखला, तेथें दार बंद करून राखला नाहीं; दारासमोरची गर्दी वेळेवर वांटून राखला. पहिली रीत चिठ्ठीची. खरचटलेला गुडघा, तुटलेलें नख यासाठीं वर्गांतच पेटी ठेवावी. त्यापुढील तक्रार असेल तर शिक्षकांनीं चिठ्ठी देऊन पाठवावें, आणि चिठ्ठीचा मुलगा ठरलेल्या वेळीं यावा. दुसरी रीत बदलीच्या माणसाची. श्वास लागणें, रक्त न थांबणें, शुद्ध हरपणें, झटका येणें, साप-विंचू चावणें, यांना वेळ-अवेळ नसते. म्हणून सिस्टर जेवते तेव्हां प्रथमोपचार शिकलेले एखादे गुरुजी किंवा बाई दाराशीं असाव्या, आणि सिस्टरला हांक केव्हां मारावयाची तें त्यांना पाठ असावें. तिसरी रीत औषधांच्या वेळेची. लोहाच्या गोळ्या जेवणानंतर द्यावयाच्या असतात. त्यामुळें दुपारचें भोजन संपलें कीं तें कामहि सुटींतच येऊन पडतें. वर्गवार दिवस नेमले, किंवा गोळ्या पुढच्या तासाच्या आरंभीं वर्गशिक्षकांनीं दिल्या, तर एक मोठी रांग आपोआप मोडते.

वहीचेंहि तसेंच. नोंद जेथें घडली तेथेंच, त्याच क्षणीं दोन शब्दांत करावी. सविस्तर लिहिण्यास रोज एक ठरलेली घटका असावी, आणि ती वेळापत्रकांत गणिताच्या तासासारखी छापलेली असावी. जें छापलेलें नसतें तें प्रथम मोडतें. आणि एकच माहिती दोन-तीन वह्यांत, शिवाय यंत्रावर, पुन्हां पुन्हां भरावयास लावूं नये. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालीं १९८७ सालीं नेमलेल्या उच्चाधिकार समितीनें १९८९ च्या अहवालांत परिचारिकांना आठवड्याला ४० तासांचें काम असावें आणि परिचर्येबाहेरचीं कामें त्यांच्यावर लादूं नयेत, असें सांगितलें होतें. त्या शिफारसीला किती वर्षें लोटलीं याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

लोखंड्यांच्या वेळीं मालक म्हणत, अर्धा तास चक्र थांबलें तर सूत कमी निघेल. आज आपणहि मनांत कोठेंतरी असेंच म्हणतों, कीं सिस्टर जेवायला बसली तर मुलांचें कसें होईल. ज्या घरांत आई सर्वांच्या मागून, उरलेलें, उभ्याउभ्या जेवते, त्या घरांतून आपण सगळे आलों आहों. त्यालाच आपण प्रेम म्हणत आलों आणि त्याची किंमत कधीं मोजली नाहीं. तीच संवय शाळेच्या दारांतून आंत गेली आहे.

आपलीं मुलें ज्या शाळेंत जातात तेथील पालकसभेंत निकालाविषयीं प्रश्न विचारतां; पुढच्या खेपेस आणखी दोन प्रश्न विचारा. येथें मुलांच्या दुखण्याखुपण्याची वही कोण लिहितें, आणि केव्हां? आणि ती लिहिणारी बाई दुपारीं जेवते, तेव्हां तिच्या दाराशीं कोण असतें? या प्रश्नांना सरळ उत्तरें मिळूं लागतील त्या दिवशीं मधल्या सुटीची घंटा खऱ्या अर्थानें सबंध शाळेसाठीं वाजली असें म्हणतां येईल.