ऑक्ससकाठचे ग्रीक : वसाहत, भाषा आणि ओळख

अलेक्झांडरच्या पूर्वेकडील वसाहतींचे वर्णन बहुधा ग्रीक संस्कृतीच्या प्रसाराची गाथा म्हणून केले जाते. त्यांचा आरंभ मात्र नाखुशीतून झाला होता. इ. स. पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावताच पूर्वेकडील प्रांतांत वसविलेले ग्रीक सैनिक मायदेशी परतण्यासाठी बंड करून उठले. डायोडोरस त्यांची संख्या २०,००० पायदळ व ३,००० घोडदळ अशी देतो. पेइथॉनने त्यांचा पराभव केला आणि शस्त्रे खाली ठेवलेल्यांची मॅसिडोनियन सैन्याने कत्तल केली. बॅक्ट्रियात जे उरले व जे पुढे येऊन मिळाले, त्यांना समुद्रापासून दूर, परक्या भूमीत ग्रीक म्हणून जगायचे होते.

ते कसे जगले, हे उत्तर अफगाणिस्तानातील आय-खानुम येथे दिसते. आमूदर्या म्हणजेच प्राचीन ऑक्सस आणि कोकचा यांच्या संगमावरील हे नगर पॉल बर्नार यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच पथकाने १९६० व १९७० च्या दशकांत उजेडात आणले. येथे व्यायामशाळा होती, सुमारे ५,००० प्रेक्षकांचे नाट्यगृह होते. मुख्य मंदिराची बांधणी मात्र ग्रीक नव्हे, पश्चिम आशियाई वळणाची होती. नगराचा संस्थापक मानल्या गेलेल्या किनिअसच्या स्मारकस्थळी क्लिअरकस नावाच्या गृहस्थाने डेल्फीची नीतिवचने कोरविली. ती आपण डेल्फीत काळजीपूर्वक उतरवून घेतली, असे तो आवर्जून नमूद करतो. डेल्फी तेथून सुमारे ४,००० किलोमीटर दूर!

याहून बोलक्या आहेत त्या कोषागारातील रांजणांवरील नोंदी. भाषा ग्रीक, परंतु अधिकाऱ्यांत ग्रीक नावांबरोबर ऑक्सिबाझोससारखी, ऑक्सस नदीवरून पडलेली स्थानिक नावेही आहेत. ग्रीकपणाचा आधार येथे वंश किंवा देवालय नसून शिक्षण व लेखनभाषा हा होता, असेच म्हणावे लागते. अर्थात हा आधार नगरातील अभिजनांपुरता होता. इ. स. पू. १४५ च्या सुमारास नगर उद्ध्वस्त झाले.

भाषेचा हा आधार सुटल्यावर काय उरते, याचा एक पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. १७ क्रमांकाच्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दात्तामित्री येथील रहिवासी. लेख प्राकृतात, दान बौद्ध भिक्षुसंघाला. पित्याचे नाव धर्मदेव, पुत्राचे धर्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही, तरीही लेखात त्याची ओळख ‘योणक’ अशीच कोरलेली आहे.