मेंदूत रक्तस्राव : इशारे कसे ओळखायचे आणि नंतर माणूस पुन्हा उभा कसा करायचा

आपल्या घरांमध्ये या आजाराला वेगवेगळी नावं आहेत. कोणी लकवा म्हणतं, कोणी फालिज, कोणी "डोक्यात नस फुटली" म्हणतं. डॉक्टर त्याला ब्रेन हॅमरेज म्हणतात. देवळाली कॅम्प, भगूर, संसरी, विहितगाव, नाशिकरोड या पट्ट्यातल्या कुटुंबांसाठी आम्ही ही माहिती एका जागी देत आहोत. वाचून झाल्यावर घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला अटॅक येतो तो स्वतः फोन करू शकत नाही, त्यामुळे इशारे शेजारच्या माणसाला माहीत असावे लागतात.

नेमकं होतं काय?

मेंदूचा अटॅक दोन प्रकारचा असतो. पहिल्यात रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूत किंवा मेंदूभोवती साचतं. गुठळीचे रुग्ण जास्त असतात, पण रक्तस्राव जास्त जीवघेणा असतो. मेंदूच्या आत रक्तस्राव झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण पहिल्या महिन्यातच दगावतात, असं जगभरचा अनुभव सांगतो.

रक्तस्रावाचेही प्रकार आहेत. सर्वांत जास्त दिसणारा म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीमुळे आतली बारीक नस फुटणं. दुसरा, नसेवर आलेला फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरणं. हा चाळिशी-पन्नाशीतल्या धडधाकट माणसालाही होऊ शकतो. तिसरा प्रकार म्हाताऱ्या माणसांचा. मोरीत पाय घसरून डोक्याला किरकोळ मार लागतो, त्या दिवशी काही वाटत नाही, आणि दोन-चार आठवड्यांनी डोकं दुखणं, सारखी झोप येणं, चालताना तोल जाणं सुरू होतं. दादी-नानीच्या बाबतीत "वय झालं" म्हणून हे सोडून देऊ नका. कवटीला छोटं छिद्र पाडून ते रक्त काढता येतं आणि पुष्कळ म्हातारी माणसं त्यातून छान बरी होतात.

इशारे : तोंड, हात, बोलणं, वेळ

हे चार शब्द लहान मुलांनाही पाठ करायला लावा.

तोंड : हसायला सांगा. एक बाजू लोंबते का?
हात : दोन्ही हात पुढे वर धरायला सांगा. एक हात खाली येतो का?
बोलणं : साधं वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळते का, शब्द भलतेच येतात का?
वेळ : यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघा आणि लगेच निघा.

याशिवाय एकाएकी तोल जाणं, एकाएकी दिसेनासं होणं किंवा दोन-दोन दिसणं, अचानक उलट्या, झटके, शुद्ध हरपणं, हेही इशारेच आहेत. नसेवरचा फुगा फुटला की डोकेदुखी विजेसारखी येते. एका मिनिटाच्या आत ती टोकाला पोचते आणि रुग्ण म्हणतो, "असं आयुष्यात कधी दुखलं नाही." मान आखडते, उजेड सहन होत नाही. ही डोकेदुखी गोळी घेऊन झोपण्याची नाही.

एक इशारा आपल्याकडे नेहमी चुकीचा वाचला जातो. माणूस एकदम बरळायला लागतो, घरच्यांना ओळखत नाही, उलटसुलट वागतो. मग कोणी "असर झाला" म्हणतं, कोणी नजर उतरवायला बसतं. आपल्या देवळालीला तर या बाबतीत एक जुना डाग आहे. ब्रिटिश काळात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सैनिक इथल्या कॅम्पमध्ये महिनोन्‌महिने पडून राहत. कंटाळा, दारू आणि तापाने त्यांतल्या काहींची डोकी फिरत. त्यावरून डोकं फिरलेल्याला इंग्रजीत "डुलॅली" म्हणायची पद्धत पडली. मूळ बोल "डुलॅली टॅप" असा होता, आणि त्यातला "टॅप" म्हणजे आपला तापच. सांगायचा मुद्दा असा की एकाएकी भ्रम झालेला माणूस वेडा झालेला नसतो, त्याला बाहेरचंही काही झालेलं नसतं. आधी सीटी स्कॅन. दुआ तर रस्त्यातही करता येते.

पहिला तास : काय करायचं, काय नाही

१०८ वर फोन करा. ही सरकारी ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे. तिला वेळ लागतोय असं दिसलं तर शेजारची गाडी घ्या, पण रुग्णाला स्कूटरवर मध्ये बसवून नेऊ नका.

रुग्णाला कुशीवर झोपवा, डोकं जरा वर ठेवा, कवळी असेल तर काढा. तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, मध नाही, जमजमही नाही. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि पाणी फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन तर अजिबात देऊ नका. हार्ट अटॅकमध्ये ती देतात हे ऐकून पुष्कळ लोक इथेही देतात, पण नस फुटलेली असेल तर तीच गोळी रक्तस्राव वाढवते. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून बघून मोठ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. ते सीटी स्कॅनमध्येच कळतं. घरातली बीपीची जादा गोळी मनाने देऊ नका.

लकवा म्हटलं की कोणीतरी कबुतराचं रक्त चोळायला किंवा जंगली कबुतराचं गोश्त खिलवायला सांगतंच. त्याने फुटलेली नस बंद होत नाही. साचलेलं रक्त पहिल्या काही तासांतच वाढत जाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि नेमके तेच तास या धावपळीत जातात.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. घरात फक्त बायका असतील आणि अब्बा किंवा मुलगा दुकानावर असेल, तर त्यांच्या येण्याची वाट बघत बसू नका. अम्मीचं तोंड वाकडं झालेलं सुनेला दिसलं तर १०८ लावायला तिला कोणाची इजाजत लागत नाही. घरच्या मर्द लोकांनी हे आज, सगळे धड असताना, मोकळेपणाने सांगून ठेवावं.

दवाखान्यात तीन गोष्टी लगेच सांगा : शेवटचा चांगला कधी दिसला ती वेळ, चालू गोळ्या (रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सगळ्यांत आधी), आणि अलीकडे डोक्याला मार लागला होता का.

कॅम्पातून कुठे जायचं, हे आधीच ठरवा

कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाचं जनरल हॉस्पिटल आहे. फौजी घरांसाठी मिलिटरी हॉस्पिटल आहे. नाशिकरोडला महापालिकेचं बिटको, नाशकात त्र्यंबक रोडला जिल्हा सिव्हिल हॉस्पिटल, आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज. यातलं किंवा खाजगी कुठलंही निवडताना प्रश्न दोनच : सीटी स्कॅन रात्रीसुद्धा चालू असतो का, आणि न्यूरोसर्जन बोलावता येतो का. हे आजच फोन करून विचारा आणि दोन नंबर फ्रीजवर चिकटवा. नाहीतर रात्री दोन वाजता एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात वेळ जातो.

खर्चाची भीती मोठी असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात "आरोग्यमित्र" बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा. बिल झाल्यावर जाऊन उपयोग नसतो. योजनेचा टोल-फ्री नंबर १५५३८८ आहे. माजी सैनिकांच्या घरांनी ईसीएचएसचं कार्ड सोबत ठेवावं आणि पॉलीक्लिनिकला लगेच कळवावं.

हॉस्पिटलात आधी बीपी ताब्यात आणतात, साखर आणि ताप सांभाळतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर उतरवतात. हे सगळं पहिल्या तासाभरात एकत्र केलं तर रुग्ण जास्त चांगले सावरतात, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. म्हणून प्रत्येकाचं ऑपरेशन होतंच असं नाही. "ऑपरेशन करत नाहीत म्हणजे सोडून दिलं" असा अर्थ काढू नका. डॉक्टरांना कारण विचारा.

घरी आल्यावर

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. सहा महिन्यांपर्यंत चांगली चालते, आणि वर्षानंतरही थोडी थोडी होत राहते. म्हणून "थोडं बरं वाटू दे, मग व्यायाम" असं करू नका. फिजिओथेरपी दवाखान्यातच सुरू होते, घरी ती रोज करायची असते. अम्मीला बाई फिजिओथेरपिस्ट हवी असेल तर मागून घ्या, नाही मिळाली तर घरच्या मुलीला व्यायाम शिकवून घ्या, पण खंड पडू देऊ नका.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदला. पाठीला, कंबरेला, टाचांना लाली दिसली तर तिथे दाब येऊ देऊ नका. कमजोर हात धरून कधी ओढून उठवू नका, खांदा निखळतो. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पातळ चहा-शोरबा पाजू नका. खाताना रुग्ण सरळ बसलेला हवा आणि ठसका लागला की थांबायचं.

बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं नाही. पुष्कळ रुग्णांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाही. त्यांच्यासमोर "आता यांचं काही खरं नाही" असं बोलू नका. छोटे प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या, स्पीच थेरपिस्टची मदत घ्या.

मनाकडेही बघा. अटॅकमधून वाचलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला नैराश्य येतं. उगाच रडणं, चिडणं, व्यायामाला नकार देणं हा हट्ट नसतो आणि ईमानची कमजोरीही नसते. त्यावर औषध आहे. आणि जी बहू किंवा बेटी रात्रंदिवस खिदमत करते, तिला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. पाळी भावांनी वाटून घ्यावी.

नमाजबद्दल रुग्ण फार बेचैन होतात. बसून, बसता येत नसेल तर पडून इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत शरीयतने दिलेली आहे. वजूला पाणी जमत नसेल तर तयम्मुम आहे. सजद्यासाठी वाकायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा, बाकी मसला आपल्या इमामसाहेबांना. रमजानमध्ये बीपीच्या किंवा झटक्यांच्या गोळ्या मनाने सोडू नका. रोजा झेपेल का आणि गोळ्यांच्या वेळा सेहरी-इफ्तारला बसतील का, हे रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

हात किंवा पाय कायमचा कमजोर राहिला तर सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. हा २०१६ च्या कायद्याने मिळालेला हक्क आहे, त्यात लाज कसली?

माणूस परत कामाला येतो का?

येतो. ज्यांच्या नावाने वरची योजना आहे, त्या महात्मा फुलेंनाच १८८८ साली पक्षाघात झाला होता. शरीराची उजवी बाजू गेली. त्या काळी ना स्कॅन होता ना फिजिओथेरपी. डॉ. विश्राम रामजी घोले त्यांच्यावर उपचार करत होते. फुल्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि "सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक" पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं, पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. सगळी ताकद परत आली नाही, पण काम झालं. आपल्या घरातल्या रुग्णाकडूनही एवढी उम्मीद ठेवायला हरकत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

बीपी. बीपी. बीपी. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला "डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय" म्हणाले आणि काही तासांत गेले. वर्षभर आधीच त्यांचा बीपी १८६/१०८ निघाला होता, पण तेव्हा कामाची गोळीच नव्हती. आज तशी गोळी जनऔषधी दुकानात काही रुपयांत मिळते, आणि आपले लोक ती "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करतात. बीपी वाढला तरी दुखत नाही, म्हणून तो बरा झालासा वाटतो.

तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजा. १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार आला तर डॉक्टरकडे जा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी. लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण यातलं मीठ त्यातच धरा. बिडी, तंबाखू, गुटखा, मिश्री बंद. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत कडाका पडतो आणि थंडीत बीपी वर चढतो. त्या दिवसांत वयस्क माणसांनी फजरला कान-डोकं झाकून निघावं आणि गोळीचा एकही दिवस चुकवू नये. अंगदुखीच्या गोळ्या रोज मनाने खाणंही बीपी वाढवतं.

जुम्याला नमाजनंतर मस्जिदीच्या आवारात बीपी मोजायचं मशीन घेऊन एक जण बसला, तरी महिन्याभरात पूर्ण मोहल्ल्याचे आकडे हाती येतील. एक मशीन आणि एक वही, एवढाच खर्च आहे. कोणत्या जमातीने सुरू केलं तर आम्हाला कळवा, इतरांपर्यंत आम्ही पोचवू.