रक्ताचा वर्ण आणि प्राणवायूचे मापन

रोग्याच्या ओठांवर व नखांवर निळसर झाक दिसू लागली म्हणजे रक्तातील प्राणवायू उणावला, असे वैद्यकात दीर्घकाळ मानले जाई. डोळ्यांची ही साक्ष उशिरा मिळणारी व अनिश्चित होती. तिला मापनाचे रूप कसे आले, हा वर्णपटशास्त्राच्या इतिहासातील एक बोधप्रद भाग होय.

बुन्सेन व किर्खोफ यांनी इ. स. १८६० च्या सुमारास वर्णपट-विश्लेषणाचा पाया घातल्यानंतर लवकरच, १८६२ मध्ये, फेलिक्स होपे-झायलर यांनी रक्ताच्या वर्णपटातील दोन काळे शोषणपट्टे वर्णिले. रक्तातील रंजकद्रव्यास हीमोग्लोबिन हे नाव त्यांनीच १८६४ मध्ये दिले. त्याच वर्षी केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी दाखविले की, प्राणवायू काढून घेताच हे दोन पट्टे लोपून एकच रुंद पट्टा उमटतो आणि तेच द्रावण हवेत घुसळले असता पूर्वीचे दोन पट्टे परत दिसतात. प्राणवायूचे ग्रहण व त्याग रंगावरून वाचता येतात, हे तत्त्व येथे सिद्ध झाले.

परंतु परीक्षानळीतील रक्त आणि जिवंत देहातील रक्त यांत मोठे अंतर होते. कारण देहात त्वचा, पेशीजाल व नीलांतील रक्त हे सर्वच प्रकाश शोषतात. दुसऱ्या महायुद्धात उंचावरील वैमानिकांच्या शुद्धीचा प्रश्न तीव्र झाला असता ग्लेन मिलिकन यांनी कानाच्या पाळीवर बसणारा मापक तयार केला. ‘ऑक्सिमीटर’ हे नाव त्यांचेच. तरीही वरील अडचण उरलीच. तिचा उलगडा जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये केला. नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा प्रकाशांश मुख्यत्वे रोहिणीतील रक्ताचा असतो. म्हणून लाल व अवरक्त प्रकाशातील या अंशांचे गुणोत्तर घेतल्यास इतर शोषण वगळता येते, असे त्यांनी दाखविले.

मात्र या गुणोत्तरावरून टक्केवारी ठरविणारा तक्ता निरोगी स्वयंसेवकांवरील प्रयोगांतून बनतो. तेव्हा ते स्वयंसेवक कोणत्या वर्णाचे, हा प्रश्न शास्त्रबाह्य राहत नाही. १९९० मध्येच कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत अधिक मापनदोष नोंदला गेला होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगन येथील अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असता रोहिणीतील प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे श्वेतवर्णीयांच्या ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के मापनांत आढळले. डोळ्यांची जी उणीव दूर करण्यासाठी यंत्र आले, ती काही अंशी यंत्रातही उतरली, असाच याचा अर्थ होतो.