तरंगत्या घराची छोटी मोटर

केरळच्या कालव्यांतून तांदूळ वाहणाऱ्या जुन्या केट्टुवळ्ळम नावांना इंजिन नसे. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेली, पोत्यांनी भरलेली ही अवजड नाव दोन-तीन माणसे लांब बांबूने तळाला रेटा देत पुढे नेत. १९९०च्या दशकापासून अशा नावांची पर्यटकांसाठी तरंगती घरे होऊ लागली आणि त्यांवर डिझेल इंजिने आली. समजा, भर पाण्यात हे इंजिन बंद पडले. एखादी लहानशी विजेची मोटर एवढे घर काठाला नेईल का? उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

१८३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे मोरिट्झ याकोबी याने नेवा नदीवर विजेच्या मोटरीने नाव चालवून दाखवली. नाव सुमारे ८ मीटर लांब होती आणि तीत डझनभर माणसे होती. पुढच्या वर्षी त्याने ग्रोव्ह घट वापरले, तेव्हा वेग ताशी सुमारे ४ किलोमीटर झाला, म्हणजे पायी चालणाऱ्याइतका. मोटरीने आपले काम केले. अडचण होती ती घटांची. चुलीत लाकूड जळावे तसे त्यांतले जस्त संपत जाई, आणि नायट्रिक आम्लापासून तपकिरी विषारी वायू निघे.

१८८१ मध्ये पॅरिसच्या सेन नदीवर गुस्ताव त्रूवे याने वेगळी युक्ती केली. मोटर आणि पंखा त्याने सुकाणूलाच जोडले. त्यामुळे सगळी यंत्रणा नावेपासून काढता येई. नावेत मुळीच फेरफार न करता मागे अडकवायच्या मोटरीची ही सुरुवात होय.

प्लांते याने १८५९ साली तयार केलेला, पुन्हा भारित करता येणारा शिशाचा घट पुढे सुधारत गेला. जोडीला डायनॅमो आला. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात पन्नासहून अधिक विजेच्या नावा प्रवाशांना फिरवत होत्या. मग पेट्रोल इंजिनाने त्यांना मागे सारले. १९३४ साली अमेरिकेतील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड गाडीची स्टार्टर मोटर घेऊन तिला पंखा जोडला. मासे बिथरू नयेत म्हणून कोळ्यांना हवी असणारी ही संथ, बिनआवाजी मोटर. आज तरंगत्या घरासाठी राखीव म्हणून अशीच मोटर सुचवली जाते.

आता हिशेब करू. पाण्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि लागणारी शक्ती घनाच्या. म्हणजे वेग निम्मा केला की शक्ती एक अष्टमांश पुरते! बांबूवाल्यांचे रहस्य हेच. माणूस सतत काम करताना फार तर १०० वॉट देतो. पण घाई नसल्यामुळे तेवढ्यावर भागत असे. १२ व्होल्टवर ५० अँपिअर घेणारी मोटर ६०० वॉट वापरते आणि सुमारे २४५ न्यूटन रेटा देते. शांत पाण्यात घर हलवायला तो पुरेसा आहे.

खरा शत्रू पाणी नव्हे, वारा. घराची ३० चौरस मीटरची बाजू वाऱ्याला आडवी आहे असे धरू. सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात तिच्यावर सुमारे १६० न्यूटन बल येते. १० मीटर वाऱ्यात १८०० न्यूटन! पहिल्या वेळी मोटर जिंकते, दुसऱ्या वेळी तिचा निभाव लागत नाही.

यातून व्यवहाराचे तीन नियम निघतात. वारा वाढण्यापूर्वीच काठ गाठावा. वारा वाढलाच तर मोटरीशी झगडत न बसता नांगर टाकावा. आणि राखीव बॅटरी दिवे-पंख्यांच्या बॅटरीपासून वेगळी, नेहमी भारित ठेवावी. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर दोन तास पुरते. प्रत्यक्षात तासभरच धरावा.

वर्गात हे सहज पाहता येईल. टबात पसरट थाळी तरंगत ठेवा आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाने ती ढकला. मग थाळीत पुठ्ठ्याची भिंत उभी करून टेबलफॅन लावा आणि पुन्हा तितकेच हलके ढकलून पाहा. आधी एका बोटाने सरकणारी थाळी आता का ऐकत नाही, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.