शकुंतलेचा गेज, बंदुकीचा गेज आणि वऱ्हाडातली 'स्वस्त' बंदूक

परतवाड्याहून बोलतोय. ज्यांना इअरफोन लावायला सवड नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आजचा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीचा आहे: शिकारीसाठी खिशाला परवडेल अशी छोट्या बोअरची बंदूक कोणती घ्यावी? आज हा प्रश्न विचारणं जवळपास निरर्थक झालंय. पण तो निरर्थक कसा झाला, याची गोष्ट भारी आहे.

आधी 'गेज' समजून घेऊ. अचलपूर-मूर्तिजापूरकडच्या माणसाला गेज म्हटलं की शकुंतला आठवते. नॅरो गेज, रुळांत अंतर 2 फूट 6 इंच. अंतर वाढलं की गेज मोठा, हिशोब सरळ. बंदुकीत नेमकं उलटं असतं. एक पौंड शिसं घ्या, म्हणजे साधारण 454 ग्रॅम. त्याच्या सारख्या वजनाच्या 12 गोल गोळ्या पाडा. त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती बाराबोअर. 20 गोळ्या पाडल्या तर वीस. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक! बाराबोअरची नळी सुमारे 18.5 मिलिमीटर, वीसची 15.6, अठ्ठावीसची 14. आणि सगळ्यात बारीक ती 'चारशे-दहा'. तिचं नाव मात्र गोळ्या मोजून पडलेलं नाही. तिची नळी थेट 0.410 इंचाची, म्हणजे 10.4 मिलिमीटर.

आता लोकांचा एक गैरसमज. बंदूक छोटी म्हणजे नवशिक्यासाठी सोपी, असं वाटतं. हलकी असते आणि खांद्याला धक्का कमी बसतो, हे खरं. पण छोट्या बोअरमध्ये छर्ऱ्याचा आकार लहान होत नाही, छर्ऱ्यांची संख्या कमी होते. बाराबोअरच्या काडतुसात साधारण 30 ग्रॅमच्या आसपास छर्रे, चारशे-दहाच्या आखूड काडतुसात जेमतेम 14 ग्रॅम. तेवढ्यात नेम साधायला हात जास्त पक्का लागतो. तितर-बटेरासाठी, तेही जवळून, ती ठीक. मोठं जनावर तिनं मरत नाही, जखमी होऊन पळतं. पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे अभ्यासक बारीक बोअर मुद्दाम वापरायचे, कारण छोट्या पक्ष्याच्या कातडीची चाळणी होऊ नये.

आणि 'परवडणारी' म्हणाल तर बंदुकीची किंमत एकदाच मोजायची असते, काडतुसं दरवर्षी लागतात. आपल्याकडं बाराबोअर सगळ्यात जास्त चाललं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही त्याचीच काडतुसं बनत आली. त्यामुळे छोट्या बोअरची बंदूक हौसेनं घेतली, तरी तिच्या काडतुसासाठी हिंडावं लागायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर फोन स्वस्तात मिळाला, पण चार्जर कुठंच मिळंना!

आता खरी गोष्ट. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं आपला गाविलगड घेतला. तेव्हा या मुलखात तोड्याची बंदूक होती. पेटती वात दारूला लावायची की बार उडायचा. 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडं गेला. मुलूख कागदोपत्री निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. अचलपूरला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, आणि आपलं परतवाडा त्या छावणीच्याच आधारानं वाढलं.

मग 1857 झालं आणि सरकारचा विश्वास उडाला. हिंदी पलटणींना रायफलऐवजी गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. रायफलच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात, त्यामुळे गोळी लांबवर नेमकी जाते. गुळगुळीत नळीत ते जमत नाही. 1878 मध्ये लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. पुढे ईशापूरच्या कारखान्यात .303 रायफलींच्या खाचा काढून चारशे-दहाच्या मस्केट बनल्या, त्या पोलीस आणि पहारेकऱ्यांच्या हाती गेल्या. हेतू हाच की हत्यार चुकीच्या हाती पडलं, तरी रायफलीचं काडतूस त्यात चालू नये. नाव शिकारीच्या चारशे-दहासारखंच, पण काडतूस वेगळं. थोडक्यात, बंदुकीची नळी कशी असावी हे सरकारचा तुमच्यावर विश्वास किती, यावर ठरत होतं.

हा सल काँग्रेसच्या मनात होता. 1931 च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही आहे. पण राज्यघटनेत तो मूलभूत हक्क म्हणून आला नाही. आला तो 1959 चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम 13 मध्ये शेतकऱ्यासाठी एक खास ओळ आहे: खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजानं ठासायची, एक बार उडाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणजे ब्रीच-लोडर येऊन शंभरेक वर्षं झाली होती, तरी शेतकऱ्याच्या नावानं कायद्यात पहिल्यांदा लिहिली गेली ती ठासणीचीच. ती पुरणार नसेल तर अधिकारी गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो, पण तो त्याच्या मर्जीचा भाग.

मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. आता बंदुकीचा परवाना हा एक कागद आणि जनावर मारायची परवानगी हा दुसरा. पहिला हातात आहे म्हणून दुसरा मिळत नाही. पिकाचं नुकसान करणाऱ्या काही जनावरांबाबत कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, तीही अटींसह.

हे जुनं प्रकरण नाही, मंडळी. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत तूर-हरभरा आडवा करतात. त्या रागातून कुंपणात चोरून करंट सोडला जातो आणि त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, कधी ओलित करायला गेलेला शेजारीही मरतो. विदर्भात असं वारंवार घडलंय. करंटला ना नेम असतो, ना परवाना. माझ्या मते, वाघ वाचवणारा कायदा हवाच. पण ज्याचं पीक गेलं, त्याला भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर तो तारेकडेच वळणार. दीडशे वर्षं आपण शेतकऱ्याच्या हातात कोणती बंदूक द्यायची, यावर वाद घातला. त्याचं पीक कसं वाचवायचं, हा प्रश्न मात्र तसाच पडून राहिला.

जाता जाता एक कामाची गोष्ट. घरात आजोबांच्या नावाची जुनी बंदूक असेल, तर ती वारसाला आपोआप मिळत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या नावानं अर्ज करा. आणि आजोबा अजून असतील, तर त्यांना विचारा: बाराबोअर होती का ठासणीची? गोष्ट नक्की निघंल. रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.