वाळूच्या कणापासून पीएच.डी.पर्यंत : भूयामिकीतील सवेतन संशोधनाच्या वाटा

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती. डोंगराच्या उतारावर, नाल्याच्या काठावर, भरावाच्या जमिनीवर कोण राहतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण ती जमीन कधी आणि का सरकते, याचा अभ्यास करणाऱ्यांत आपली मुले किती, हा प्रश्न आम्ही फारसा विचारत नाही.

सिव्हिल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालेले आपले बहुतेक तरुण स्पर्धा परीक्षेकडे वळतात. त्यात गैर काही नाही. मात्र पगार घेऊन पीएच.डी. करता येते, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून ही माहिती.

विषय नेमका काय?

माती, वाळू, खडी, धान्य, औषधाची पावडर हे सगळे कणांचे पदार्थ. ते कधी घन वस्तूसारखे उभे राहतात, कधी पाण्यासारखे वाहतात. टाकीत पाणी जितके उंच, तितका तळावर दाब जास्त. धान्याच्या कोठारात तसे होत नाही. बराचसा भार घर्षणामुळे भिंती पेलतात. हे यान्सेन यांनी १८९५ मध्ये मांडले. पावसाचे पाणी मातीच्या पोकळ्यांत साठले की त्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि उतार निसटतो. या विचाराचा पाया कार्ल तेरझागी यांच्या १९२५ च्या ग्रंथात आहे. २००१ च्या भूज भूकंपात कच्छच्या रणात ओली वाळू द्रवासारखी वागली, त्यामागेही हेच कारण.

१९७९ मध्ये कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी प्रत्येक कणाची हालचाल संगणकावर स्वतंत्रपणे मोजण्याची ‘डिस्क्रीट एलिमेंट मेथड’ (डीईएम) प्रसिद्ध केली. आजचे बरेच संशोधन याच पद्धतीवर चालते. म्हणजे महागड्या प्रयोगशाळेशिवायही सुरुवात करता येते.

भारतातील वाटा

- आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था : गेट परीक्षा आणि मुलाखतीतून प्रवेश. जानेवारी २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये. आयआयटीच्या पीएच.डी. प्रवेशातही अनुसूचित जातींसाठी १५ टक्के आरक्षण आहे.
- बार्टीची बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन फेलोशिप : महाराष्ट्रातील अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी. या फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसावे लागले, हे वाचक विसरलेले नाहीत. म्हणून केवळ एकाच फेलोशिपच्या भरवशावर राहू नका.

परदेशातील वाटा

जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंडमध्ये पीएच.डी. ही बहुतेक वेळा नोकरीच असते. जागेची जाहिरात निघते, करार होतो, पगार मिळतो. युरोपीय संघाच्या ‘मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी’ डॉक्टरल नेटवर्कमध्ये राष्ट्रीयत्वाची अट नाही. मुख्य अट एवढीच, की नेमणुकीपूर्वीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांहून अधिक राहिलेले नसावे आणि आधीची पीएच.डी. नसावी. भूयामिकीसाठी फ्रान्समधील ग्रेनोबल आणि कणांच्या यामिकीसाठी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठ येथील जागांवर लक्ष ठेवा. ‘अलर्ट जिओमटेरिअल्स’ हे युरोपातील या विषयाच्या प्रयोगशाळांचे जाळे आहे.

अमेरिकेत बी.ई.नंतर थेट पीएच.डी. शक्य असते. प्राध्यापकाच्या प्रकल्पावर सहायक म्हणून काम केल्यास फी माफ होते आणि भत्ता मिळतो.

प्रवेश मिळाला पण पैसे नाहीत, अशा वेळी दोन सरकारी योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला १२५ जागा असून कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. दुसरी, राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. ती त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा.

प्रमाणपत्राची तयारी आधीच

१९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातप्रमाणपत्र लागते. जाहिरात आल्यावर तहसीलच्या फेऱ्या मारण्यापेक्षा ते आजच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्टही सोबत तयार ठेवा. युरोपातील नोकरीवजा जागांना मात्र जातप्रमाणपत्राचा संबंध नसतो.

अर्ज कसा करावा

१. सॉइल मेकॅनिक्स आणि गणित पक्के करा. पायथन किंवा सी++ शिका. ‘यादे’ आणि ‘मर्क्युरीडीपीएम’ ही डीईएमची सॉफ्टवेअर मोफत आहेत. वाळूचा ढीग किंवा घसरणारा उतार स्वतः करून पाहा. अर्जात हे काम दाखवता येते.

२. प्राध्यापकांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून मगच ईमेल लिहा. एक पान पुरे. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका.

३. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांशी निदान दोन महिने आधी बोला.

४. जागा मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. खऱ्या सवेतन जागेसाठी दलाल लागत नाही.

५. उत्तर येत नाही म्हणून खचू नका. नकार सगळ्यांनाच येतात.

१९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या पायाभरणीत त्यांचा वाटा होता. धरण, पाणी आणि जमीन हे विषय त्यांनी परके मानले नाहीत. आपणही मानू नयेत. तुमच्या वस्तीत सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवा.